बिनखांबाचं देऊळ

आबा, तुम्ही गेल्यानंतर आपल्या गावात एक देऊळ झालं. त्याविषयी तुमच्याशी बोलायचं मी बरेच दिवस टाळते आहे. गावात बोलायला माणसं नाहीत असं नाही, पण त्यांना ते देऊळ रोज दिसतं, आणि रोज दिसणाऱ्या गोष्टीचं भय फारसं कुणाला वाटत नाही. तुम्ही ते पाहिलेलं नाही, म्हणून तुम्हाला सांगता येईल.

आधी तुमच्या पश्चात बदललेलं थोडं सांगते. इंग्रज गेले. संस्थानं विलीन झाली, नकाशे पुन्हा काढले गेले, आणि आपला मुलूख जो नागपूरकडे तोंड करून बसला होता त्याला आता भोपाळकडे तोंड करावं लागतं. आपण महाराष्ट्रात जाऊ असं इतवाऱ्यातल्या कट्ट्यांवर बरीच वर्षं बोललं जायचं. गेलो नाही. अर्ज हिंदीत लिहितो. मी मुलींच्या शाळेत शिकवते आणि माझ्या वर्गातल्या मुली माझ्याशी मराठीत बोलतात, पाठ फिरवली की एकमेकींशी हिंदीत. त्यात वाईट काही नाही. फक्त आपण कुणाला दिसतो आहोत की नाही, अशी एक शंका या वर्षांत सगळ्या गावाच्या मनात होती, आणि देवळाची गोष्ट त्या शंकेतून सुरू झाली असं मला वाटतं.

तुम्ही मुलांच्या चित्रांच्या वह्या तपासायला स्वयंपाकघरात बसायचात, कारण पूर्वेचा उजेड तिथेच चांगला यायचा. आईला ते आवडत नसे. एकीकडे तिचं भाकरीचं पीठ, दुसरीकडे तुमचे रंग. अशाच एका सकाळी मी माझं राजघाटाचं चित्र तुमच्यापुढे ठेवते. पायऱ्या, बुरूज, तापीचं पाणी, पलीकडचा तीर, सगळं मी दोन दिवस खपून काढलेलं. तुम्ही कागद पिठापासून लांब धरता, मान वाकडी करता आणि विचारता, "लोक कुठं गेले सगळे? पटकी आली का गावात?" आई म्हणते, "अहो, पोरीनं डोळे फोडलेत त्यात. बरं म्हणा की." तुम्ही म्हणता, "बरंच आहे. पण माणूस नाही तर पायरी केवढी ते मला कसं कळणार? पायरी आहे की भिंत?" मग चुलीजवळचा विझलेला कोळसा उचलून तुम्ही माझ्या घाटावर धोतर पिळणारा एक माणूस काढता. तो माझ्या पायरीच्या निम्म्याला येतो. "बघ, याला नदीत उतरायला शिडी लागेल." मी रडले होते. चित्र फाडून टाकलं होतं. तेव्हापासून मात्र कुठलंही चित्र समोर आलं की मी आधी त्यात माणूस शोधते, आणि न सापडला तर मला अस्वस्थ वाटतं. ती सवय तुम्ही लावलीत.

राजपुऱ्याच्या बाहेर रामाचं पत्र्याचं देऊळ होतं, ते तुम्हाला आठवत असेल. पावसात पत्रा असा वाजायचा की आरती ऐकू यायची नाही. तिथे मोठं देऊळ बांधायचं ठरलं तेव्हा पत्रव्यवहाराला कुणीतरी हवं म्हणून, आणि समितीत एक तरी बाई असावी म्हणून, मला घेतलं. अध्यक्ष कापसाचे व्यापारी. मनानं मोठे आणि आवाजानं त्याहून मोठे. ते म्हणायचे, "नागपूर सुटलं, मुंबई मिळाली नाही. आता भोपाळवाल्यांना तरी गाडी थांबवून उतरावंसं वाटलं पाहिजे. शिखरं काय, गल्लीगल्लीत आहेत." पुजाऱ्यांनी एकदा हळूच म्हटलं की रामाला शिखर आवडतं. अध्यक्ष म्हणाले, "रामाला विचारून सांगता का?" सगळे हसले, आणि शिखर गेलं.

दिवाळीत अध्यक्षांचे जावई आले. मुंबईला इमारतींचे नकाशे काढणाऱ्या एका कचेरीत ते काम करत. त्यांची बायको माझी जुनी विद्यार्थिनी. फराळाच्या वेळी समितीची बैठक झाली आणि चकलीच्या ताटाशेजारी त्यांनी एक परदेशी मासिक उघडलं. नुसत्या इमारतींविषयीचं मासिक असतं हे मला तेव्हा कळलं. तो अंक देवळांचाच होता, म्हणजे त्यांच्याकडच्या प्रार्थनाघरांचा. गुळगुळीत जाड कागद, काळीपांढरी चित्रं. भिंती उघड्या, रंग नाही, नक्षी नाही. कुठे एका फटीतून उजेडाची पट्टी जमिनीवर पडलेली. आणि कुठेही माणूस नाही. बाहेर जोडे नाहीत, दारात भिकारी नाही, मेणबत्तीचा थेंब सांडलेला नाही. जणू देव आत राहायला यायच्या आदल्या दिवशी चित्र काढलं होतं, किंवा निघून गेल्याच्या दुसऱ्या दिवशी. पण सुंदर होतं, आबा. ते मला आवडलं, आणि आजही हे लपवावं असं वाटत नाही.

ज्या पानावर सगळे थांबले त्यावर एक छप्पर होतं. उपडं सूप मागच्या कडेवर टेकवून पुढून उचलून धरावं, तसं. मागची कड जमिनीत रोवलेली, पुढची वर आभाळात, आणि मध्ये खांब म्हणून एकही नाही.

"हे कुठलं?" अध्यक्षांनी विचारलं.

जावईबापूंनी चित्राखालच्या ओळीवर बोट ठेवलं. "मॅकेट. फ्रान्समधलं गाव दिसतंय."

"मार्केट?" आमच्या वकीलकाकांना एका कानानं कमी येतं.

"मार्केट नाही काका, मॅकेट."

"तेच म्हणतो मी. मार्केटात बांधलं. हुशार लोक. गिऱ्हाईक आयतंच."

ओळ माझ्याकडेही सरकवली गेली. लिपी इंग्रजी, भाषा फ्रेंच. मला ती येत नाही. पहिलाच शब्द, मोठ्या अक्षरानं सुरू झालेला. गावाचं नाव असावं असंच दिसत होतं. आणि दिसलं नसतं तरी काय? दिवाळसणाला आलेल्या जावयाचं बोलणं मध्ये तोडायचं नसतं, हे तुमच्या वेळीही होतं आणि आजही आहे. पुढच्या आठवड्यात इतवाऱ्यात भाजीवाली मला विचारते, "बाई, वो मारकेटवाला मंदिर कब बनेगा?"

सिमेंट परवान्यावर मिळायचं, म्हणून वेळ लागला. जावईबापू दर सुट्टीत येऊन काम बघून जात. भिंती झाल्या, मग छपरासाठी बल्ल्यांचं, म्हणजे लाकडी टेकूंचं, रान उभं राहिलं, आणि त्या रानावर एका दिवसात सुपाच्या आकाराचं छप्पर ओतलं गेलं. अर्धं गाव घमेली वाहत होतं. मीही दोनचार पुढे केली. त्यानंतर शाळेतून घरी जाताना मी तिथे थांबायची. संध्याकाळी बल्ल्यांमधून आवाज यायचा, कुणीतरी बोटं मोडावीत तसा. गवंडी म्हणायचे, लाकूड आहे, दिवसाचं ऊन सोडतंय. ते खरंच असेल. मी फार वेळ थांबत नसे.

रामनवमीला मूर्तीची स्थापना ठरली आणि आमच्या शाळेच्या मुलींनी सभामंडपात बसून भजनं म्हणावीत असं समितीनं कळवलं. मुख्याध्यापिकाबाईंनी ते काम मला दिलं. साठेक मुली, पांढरे परकर, मधोमध बसणार. मी त्यांची तालीम घेऊ लागले.

त्याच दिवसांत जावईबापूंनी जुन्या मासिकांचा एक गठ्ठा शाळेला पाठवला, मुलींना चित्रं कापून चिकटवायला. मी तो आधी स्वतः चाळायला घेतला, कारण त्यात काय असेल सांगता येत नाही. एका अंकात नाटकघर होतं आणि खाली तोच शब्द, मॅकेट. मला ओळखीचं गाव भेटल्यासारखं वाटलं. पुढे एक इस्पितळ. मॅकेट. विमानतळ. मॅकेट. एक शाळा, एक बाजार, पाण्याची टाकी. मला हसूच आलं. म्हटलं, केवढं भाग्यवान गाव, काय काय बांधून ठेवलंय. पुन्हा एक प्रार्थनाघर निघालं, आमच्या सुपासारखंच, दुसऱ्या बाजूनं घेतलेलं. मी सवयीनं त्यात माणूस शोधला. आणि यात होता. म्हणजे पुरा नव्हता. छपराच्या वर, जिथे आभाळ असायला हवं, तिथून एक हात खाली आला होता. मनगट, त्यावर घड्याळ, दोन बोटांत पेन्सिल. अंगठ्याचं नख त्या प्रार्थनाघराच्या दारापेक्षा मोठं होतं.

मी किती वेळ ते पान धरून बसले होते माहीत नाही. शाळा सुटली होती, शिपाई खिडक्या लावत होता. हळूहळू समजत गेलं. मॅकेट हे गाव नव्हतं. पुठ्ठ्याची, खोक्याएवढी इमारत टेबलावर करून तिचा फोटो काढला की त्याला ते लोक तसं म्हणत असावेत. आमचं देऊळ जिथून घेतलं ते कुठेही उभं नव्हतं. निदान त्या चित्रात तरी नव्हतं. त्या छपरावर कधी पाऊस पडला नव्हता, त्याखाली कुणी बसलं नव्हतं, ते कुणीतरी संध्याकाळी उचलून कपाटावर ठेवलं असेल.

दुसऱ्या दिवशी मी अध्यक्षांच्या घरी गेले. ते कापसाच्या जिनिंग कारखान्यावर होते. त्यांच्या बायकोनं मला स्वयंपाकघरात बसवलं, चहा टाकला, आणि मी सांगितलं ते ऐकून घेतलं. चित्रातला हात बघून त्या म्हणाल्या, "माय वं, केवढा हात!" मग चहा गाळता गाळता म्हणाल्या, "बाई, तुमचं खरं असेल. पण जावयाला असं विचारायचं नसतं. माझी लेक त्या घरात राहते. तुम्ही त्यालाच एकट्याला गाठा. यांच्यापुढं नको."

जावईबापू स्थापनेसाठी चार दिवस आधी आले तेव्हा मी त्यांना बल्ल्यांच्या रानातच गाठलं. चित्र दिलं. त्यांनी ते उजेडात नेलं, परत सावलीत आणलं. घाम पुसला.

"तुम्ही हिशेब केला असेल ना?" मी विचारलं. "छप्पर किती जाड हवं, लोखंड किती, हे?"

"केला ना बाई."

"कशावरून?"

"फोटोवरून." ते माझ्याकडे बघत नव्हते. "दार सात फुटी धरलं. मग दाराच्या मानानं छपराची कड मोजली."

मला एक क्षण अर्थच लागला नाही. मग लागला. पुठ्ठ्याची जाडी मोजून त्यांनी सिमेंटची जाडी ठरवली होती.

"कचेरीत मी रेषा ओढतो, बाई," ते म्हणाले. "हिशेब दुसरे लोक करतात. सासऱ्यांना वाटलं मी इंजिनियर आहे. मी म्हटलं नव्हतं तसं. पण नाही असंही म्हटलं नाही. इथं आलो की ताटाभोवती रांगोळी असते. सगळे उठून उभे राहतात. कसं सांगणार?"

मला त्यांचा राग यायला हवा होता. तो आला नाही, आणि तो का आला नाही याचा मी पुढे पुष्कळ विचार केला. त्या माणसावर विश्वास टाकताना आम्ही सगळ्यांनी मिळून त्याला एक शब्दही बोलायची जागा ठेवली नव्हती, एवढंच मला दिसतं. पण मुली माझ्या होत्या. मी बैठकीत बोलले. मासिक मध्ये ठेवलं, हात दाखवला.  अध्यक्षांनी जावयाकडे पाहिलं. जावईबापू म्हणाले, "बाई म्हणतात ते बरोबर आहे. ते मॉडेल आहे. पण मॉडेल आधी करतात, मग इमारत. तिकडे इमारतही झाली असेलच."

"असेलच," अध्यक्ष म्हणाले. "असेलच," वकीलकाका म्हणाले, त्यांना या वेळी नीट ऐकू आलं होतं. मी म्हटलं, सगळे टेकू आधी काढून दाखवा, आठ दिवस जाऊ द्या, मग मुली आणते. मुहूर्त हलणार नव्हता. शेवटी जावईबापूंनीच तोड काढली. बाकीच्या बल्ल्या निघतील, मधला एक जाड सागवानी टेकू स्थापनेपुरता राहील. अध्यक्षांना तो डोळ्यांत खुपत होता. ते म्हणाले, "मग सजवा त्याला. दिसता कामा नये."

सजवला. केळीचे खुंट, आंब्याची पानं, लाल खण, झेंडूच्या माळा. आणि तिथेच ते झालं, आबा, जे कुठल्याही मासिकाला सुचलं नसतं. रामनवमीच्या सकाळी बायका आत आल्या, मधोमध सजवलेलं लाकूड बघितलं आणि त्यांना वाटलं ही मुहूर्तमेढ. लग्नाच्या मांडवाची असते तशी. पहिलीनं हळदकुंकू वाहिलं, दुसरीनं सुपारी ठेवली. दुपारपर्यंत बुंध्याशी नारळांचा ढीग झाला होता. मी मुलींना आत नेलं नाही. बाहेर उन्हात बसवून भजनं म्हणवली. दोघींना घेरी आली. मुख्याध्यापिकाबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "तुमच्या शंकेपायी मुली भाजल्या. देवाच्या घरात बसायची भीती वाटते, आणि शिकवता कसल्या?" पालकांनी पुढचे काही महिने माझ्याशी तुटक बोलणं ठेवलं. छप्पर पडलं नाही. त्या दिवशी नाही, पावसाळ्यातही नाही.

टेकू काढायला माणसं आली तेव्हा म्हाताऱ्या बायका आडव्या झाल्या. "मेढ उपटता? घर बसायचंय का कुणाचं?" कुणाची तरी सून नवस बोलून बाळंत झाली होती. तेव्हापासून ते लाकूड तिथेच आहे. जावईबापू भोपाळला नोकरी मिळाली म्हणून गेले, ते परत आले नाहीत. दिवाळीलाही नाहीत. त्यांच्या सासूबाई मला बाजारात दिसल्या की दुसऱ्या गल्लीत वळतात.

आता त्याला काही वर्षं झाली. लाकडाला रोज पाणी, शनिवारी तेल, सणाला दूध आणि गुळाचं पाणी. त्या ओलीनं बुंधा काळा पडला आहे. गेल्या वर्षी मी पुजाऱ्यांची नजर चुकवून तिथे नखानं दाबून पाहिलं, नख आत गेलं. वाळवीची मातीची नळी जमिनीतून वर चढली आहे आणि बायका तिला वारूळ समजून तिच्यावर फुलं वाहतात. मी समितीत म्हटलं, नवं लाकूड लावू, किंवा शेजारी लोखंडाचा खांब देऊ. पुजारी म्हणाले, "मेढेच्या शेजारी दुसरी मेढ? काय सवत आणता का?" अध्यक्ष आता थकले आहेत. ते मला समजावणीच्या सुरात म्हणाले, "बाई, मेढ आहे तोवर काही होत नाही. तुम्ही उगाच काळजी करता." त्यांचं म्हणणं अक्षरशः खरं होतं. माझं आणि त्यांचं म्हणणं एकच होतं. मी घरी येऊन रोजनिशीत ते वाक्य लिहिलं.

मागच्या हिवाळ्यात मुंबईहून दोघे जण आले. आपल्याकडेही आता इमारतींविषयीचं इंग्रजी मासिक निघतं. एक लेख लिहिणारे गृहस्थ, एक फोटो काढणारा तरुण. नव्या राज्यातलं नवं धर्मस्थापत्य असा काहीसा विषय होता. ते गृहस्थ छपराखाली उभे राहून फार हळू आवाजात बोलत होते, देवळात कुणी इतक्या अदबीनं बोललेलं मी प्रथमच ऐकलं. फोटोवाल्यानं आधी माणसं बाहेर काढायला लावली. मग जोडे बाजूला. मग घंटेची दोरी वर बांधली. मग त्याची नजर मध्ये गेली. "ये जो बीच में लकड़ी है, थोड़ी देर के लिए हटा सकते हैं?"

"ती काय खुर्ची आहे?" पुजारी म्हणाले.

अध्यक्षांनी घसा साफ केला. "पाच मिनिटांचाच प्रश्न असेल तर..."

"नाही," मी म्हटलं. माझा आवाज छपराला लागून परत आला. फोटोवाला दचकला. तो म्हणाला, राहू दे, कोपऱ्यातून घेतो. खाली झोपून, भिंतीला लागून, त्यानं अशी जागा शोधली की लाकूड भिंतीच्या कडेमागे गेलं.

अंक आला. आमच्या देवळाला तीन पानं आहेत. उजेडाची पट्टी आहे, रामाची मूर्ती लांब आणि लहान आहे, आणि सूप हवेत तरंगतं आहे. माणूस नाही. एकाही खांबाचा आधार न घेता उभं राहिलेलं छप्पर, असं लेखात इंग्रजीत लिहिलं आहे. अध्यक्षांनी ती पानं चौकटीत बसवून गाभाऱ्याच्या दाराशी लावली. लोक दर्शन घेऊन तिकडे बघतात, आणि मग वर बघतात, जणू फोटोत आहे तेच खरं की काय याची खात्री करतात. मीही तसं पाहिलं. फोटोत देऊळ जास्त पक्कं वाटतं.

काल दुपारी बहादरपुराच्या पलीकडच्या एका गावातले दोघे केळीवाले आले. थोरला माझ्या वयाचा, दुसरा त्याचा धाकटा भाऊ. केळीला भाव चांगला मिळाला, गावात मारुतीचं देऊळ बांधायचंय. हातात मासिक. ते कुठून मिळालं म्हणाल तर भोपाळहून एका साहेबांनी दिलं. पुजाऱ्यांनी त्यांना माझ्याकडे पाठवलं, कारण इंग्रजी मला येतं. मी त्यांच्याबरोबर देवळात गेले. धाकटा पानाकडे बघायचा, मग समोर, मग पुन्हा पानाकडे.

"बाई, फोटोत हे लाकूड नाही."

"फोटोत नाही. छपराखाली आहे."

"मंग हे कायच्यासाठी?"

"छप्पर पडू नये म्हणून."

तो हसला. "पुजारी तर म्हणे मेढ आहे."

मी त्यांना बसवलं आणि सगळं सांगितलं. पुठ्ठा, दार, तो हात, वाळवी. सावकाश, वर्गात सांगते तसं. ते दोघे चांगली माणसं आहेत, मध्ये बोलले नाहीत. थोरल्यानं उठून लाकडाच्या बुंध्याला हात लावला, बोटाला आलेलं कुंकू कपाळाला लावलं. मग म्हणाला, "पण बाई, तुमचं तर उभं आहे ना?"

"या लाकडावर उभं आहे."

"तेच तर. मेढेची कृपा." तो खरंच मला धीर देत होता. "आम्ही बी मेढ रोवू. चांगली पूजा करू. आणि पूजा झाली का काढून टाकू. आम्हाले सभामंडप मोकळा पाहिजे, हनुमान जयंतीले हजार पान उठतं. बिनखांबाचं करू. या फोटोतल्यासारखं."

नकाशा कोण काढणार, मी विचारलं. धाकटा म्हणाला, नकाशा कशाला, हा आहे ना. आणि त्यानं मासिक गुंडाळून काखेत धरलं. ते बसस्टँडकडे गेले. रविवारी मी त्यांच्या गावी जाणार आहे. त्यांनी बोलावलेलं नाही. पंचांना भेटेन, हाताचं चित्र बरोबर नेईन, पण त्या चित्राचं काय होतं ते मी एकदा पाहिलं आहे. केवढा हात, असं म्हणतील. त्यांच्या मारुतीच्या छपराखाली हजार पान जेवायला बसेल आणि मधलं लाकूड पूजा करून काढून नेलेलं असेल, हे मला आत्ताच दिसतं आहे, आणि दिसणं थांबत नाही.

तुम्ही असतात तर काय केलं असतंत, हे विचारायला मी हे लिहायला घेतलं होतं. तुम्ही मासिकाच्या पानावर कोळशानं एक माणूस काढला असतात कदाचित. ते पुरलं असतं का, मला शंका आहे. हे कागद कुठे पाठवायचे नाहीत. रोजनिशीतच राहतील.

एक मात्र सांगायचं राहिलं. काल ते दोघे गेल्यावर मी देवळात मागे थांबले. कुणी नव्हतं. मी त्या लाकडाला हात जोडले, आबा. डोळे मिटून, मनापासून. कुंकूही वाहिलं. पाणी तेवढं घातलं नाही.